खाच पाडलेली फ्रेम

मनामा, २२ मार्च २०२५

मालू,

आपण दोघं गणपत फोटोग्राफरची लेकरं. ज्याचे फोटो मुंबई-पुण्याच्या पेपरांनी वर्षानुवर्षं छापले आणि ज्याचं नाव एकदाही छापलं नाही, त्या माणसाची. जळलेल्या वस्त्या त्याने टिपल्या, मोर्चे त्याने टिपले, लाठी खाऊन पडलेली पोरं त्याने टिपली. खाली मात्र बारीक अक्षरात काय? 'छाया : आमच्या प्रतिनिधीकडून.' हा प्रतिनिधी म्हणजे विश्रामगृहात पंख्याखाली बसून आबांची वाट बघणारा गृहस्थ. आबा उन्हातून यायचे, रोल त्याच्या हातात द्यायचे आणि स्वतःचा चहा बाहेर कट्ट्यावर बसून प्यायचे. हे तुझ्याही छातीत रुतलंय आणि माझ्याही.

एवढं वाचून तू म्हणशील, झालं सुरू, द्या ह्याच्या हातात माइक. म्हण. तू मला फोनवर ब्लॉक केलंस आणि निरोप पाठवलास, 'आवाज नको, लिहून पाठव. कागदावर माणूस ओरडत नाही.' म्हणून हाताने लिहितो आहे. ह्या पानांचे फोटो काढून तुझ्या झेरॉक्सच्या दुकानाच्या मेलवर पाठवीन. गिऱ्हाइकं प्रिंटला फायली त्याच पत्त्यावर टाकतात, तो काही तुला बंद करता येणार नाही.

रमजान चालू आहे, ऑफिस दोनला सुटतं. बाब अल बहरीनच्या जुन्या वेशीमागच्या माझ्या खोलीत दुपारभर वाचत बसतो. अमेरिकेतल्या काळ्या छायाचित्रकारांबद्दल वाचतो आहे. नागरी हक्कांचा लढा जगाने ज्यांच्या डोळ्यांनी पाहिला, ती माणसं. पानापानावर आबा भेटतात गं. ईद झाली की आमच्या मंडळाची जयंती आहे. चौदा तारखेला सुट्टी नाही म्हणून शुक्रवारी, अठरा एप्रिलला. विषय मी हाच घेतला आहे.

आता मुद्द्यावर येतो. डिसेंबरात सुट्टीवर आलो तेव्हा तू दुकानात असताना मी माळ्यावरचा आबांचा पत्र्याचा डबा उघडला. टेबलावर पांढरा उजेड केला आणि निगेटिव्हचे मोबाइलने फोटो काढले. परत ठेवताना क्रम चुकला, त्यावरून तू ओळखलंस. त्याला तू चोरी म्हणतेस. बापाच्या डब्याला मुलाने हात लावला तर ती चोरी होते का?

त्यात काशीबाईंची फ्रेम आहे. कोरेवाडीच्या सार्वजनिक नळावर पाणी भरलं म्हणून गावाने चावडीसमोर जिचे केस कापले, ती बाई. दुसऱ्या दिवशी सकाळी आबा पहिल्या एसटीने तिथे पोचले होते. ती दारात उभी आहे, डोक्यावर पदर नाही, पाच-सहा वर्षांची मुलगी तिच्या लुगड्याला धरून आहे, आणि ती सरळ कॅमेऱ्यात बघते आहे. मालू, एवढा मोठा फोटो आबांनी दुसरा काढला नाही. माझ्या मोबाइलमध्ये तो अंधूक आलाय. दुकानातल्या स्कॅनरवर नीट स्कॅन करून पाठव. भांडण आपण नंतर करू.

तुझा,
नागसेनदादा


मनामा, २० एप्रिल

मालू,

तुझं उत्तर मिळालं. दोन ओळी. 'नाही. कडेची खाच बघितलीस ना?'

बघितली. प्रत्येक स्टुडिओत जी फ्रेम छापायची तिच्या कडेला खाच पाडतात. डार्करूमच्या अंधारात बोटाला लागावी म्हणून. मी डार्करूममध्ये तुझ्याएवढा वावरलो नाही, पण एवढं मलाही कळतं. म्हणजे आबांनाही तो फोटो छापायचाच होता. तू पाठवला नाहीस, तेव्हा मी मोबाइलमधलाच दाखवला.

काय सभा झाली म्हणून सांगू! रेस्टॉरंटचा वरचा हॉल भाड्याने घेतला होता. चिपळूणचे ड्रायव्हर, साताऱ्याचे सुतार, रिफातल्या क्लिनिकांमध्ये काम करणाऱ्या मुली, सगळे आले. आमचा सेक्रेटरी संतोष कानात म्हणाला, "सर, बिर्याणी साडेनऊला लावलीय, त्याच्या आत क्रांती उरका."

मी म्हणालो, अमेरिकेच्या दक्षिणेत ही माणसं गाडीतच झोपत, कारण हॉटेलात त्यांना खोली नव्हती. पोलिसाचा दंडुका आधी कॅमेऱ्यावर पडे, मग डोक्यावर. एका काळ्या पोराच्या खुनाचा खटला चालला तेव्हा गोऱ्या वार्ताहरांना पुढे जागा आणि काळ्यांना कडेला, पत्ते खेळायच्या एका टेबलाशी. तरी त्यांनी टिपलं! मग त्याच पोराच्या शिकागोतल्या आईची गोष्ट सांगितली. चौदा वर्षांचं तिचं पोर छळून मारलं, नदीत फेकलं. ती म्हणाली, शवपेटी झाकू नका, माझ्या पोराचं काय केलं ते सगळ्यांना बघू द्या. काळ्या छायाचित्रकाराने तो फोटो काढला, काळ्यांच्या मासिकाने छापला, आणि झोपलेला देश जागा झाला. एवढं बोलून मी थांबलो. मग मागच्या पडद्यावर काशीबाई आणल्या आणि म्हणालो, "ही आमची उघडी पेटी. आणि हा फोटो काढणारा माझा बाप, गणपत कांबळे. आज पहिल्यांदा त्याचं नाव फोटोखाली लिहिलं आहे. वाचा!"

लोक उभे राहिले, मालू. आबांच्या नावासाठी उभे राहिले. तिसऱ्या रांगेतली एक मुलगी तर तोंडाला ओढणी लावून रडत बाहेर गेली. शब्द लागला की असं होतं.

संतोषने व्हिडिओ टाकला, मी फोटो टाकला. काल पुण्याच्या एका बातम्यांच्या पोर्टलचा संपादक फोनवर होता. मेअखेरीस त्यांचा विशेषांक आहे, मुखपृष्ठावर हाच फोटो हवा आहे आणि आबांचं नाव वरच मोठ्या अक्षरात. फक्त खरी निगेटिव्ह डोळ्यांनी बघितल्याशिवाय ते छापणार नाहीत, कारण हल्ली कॉम्प्युटरवर बनवलेले फोटो खपतात. मी त्याला तुझा नंबर दिला. माझ्यावरचा राग त्याच्यावर काढू नकोस. हे माझं काम नाही, आबांचं आहे.

दादा


मनामा, २ मे

मालू,

आज शुक्रवार. सकाळी एकीने भेटायला बोलावलं होतं. इथल्या जुन्या बाजारात, सूकमध्ये, चहाच्या दुकानात बसलो. कुठून सुरुवात करू?

तिसऱ्या रांगेतली ती मुलगी. वनिता तिचं नाव. रिफाला दातांच्या क्लिनिकात रिसेप्शनला असते. मला वाटलं, भाषण आवडलं म्हणून भेटायचं असेल. मी तिला विचारलंसुद्धा, "मंडळाच्या कामात येणार का?"

ती म्हणाली, "सर, फोटोत लुगड्याला धरून उभी आहे ती मी."

माझ्या तोंडून काय निघालं असेल? मी म्हणालो, "अरे वा!" हो, असंच म्हणालो. बोलून पोट भरणाऱ्या माणसाची जीभ अशा वेळी आपल्या आपणच चालते. पुढे म्हणालो, "तुमच्या आईचं धैर्य आज सगळं जग..."

"तुम्ही थांबता का जरा?" ती म्हणाली. "माझी आई कोरेवाडीच्या शाळेत खिचडी शिजवते. पहिली दोन वर्षं वरच्या आळीतली पोरं डबा घेऊन यायची. मग हळूहळू तिच्या हातचं खायला लागली. आता तीच पोरं बाप झाली, त्यांची पोरं 'काशीमावशी, अजून वाढ' म्हणतात. गावात केसांचा विषय कुणी काढत नव्हतं, सर. विसरले नव्हते, पण तोंड बंद होतं. आता त्यांच्या मोबाइलवर आईचा फोटो आहे. एकाने स्टेटस ठेवलं, काशीमावशीचा नवीन कट. खाली हसण्याचे चेहरे. आई शाळेत जायची बंद झालीय. घरातसुद्धा पदर कपाळापर्यंत ओढून बसते."

मी म्हणालो, "त्या पोरांवर ॲट्रॉसिटी लावू. मी स्वतः..."

"लावा. पण त्यांना फोटो कुणी दिला?"

मालू, आयुष्यभर मी प्रश्न विचारले. सभेत, मोर्चात, कलेक्टरच्या टेबलावर हात आपटून. समोरच्याला उत्तर सुचू नये असा प्रश्न कसा टाकायचा, ते मी पोरांना शिकवतो.

"मला एक सांगा," ती म्हणाली. "शिकागोच्या त्या बाईने पेटी उघडी ठेवा असं स्वतः सांगितलं होतं ना? तुम्हीच बोललात. तिचं पोर, तिचा शब्द. मी तिथे बसून ऐकत होते, मला अभिमान वाटत होता. आणि पुढच्या मिनिटाला पडद्यावर माझी आई. तिला कुणी विचारलं, सर?"

तिच्या रूममेट मुलींचं विचारलं. त्याही त्या दिवशी तिच्यासोबत बिर्याणीला म्हणून हॉलमध्ये आल्या होत्या, आणि ती का रडली ते त्यांना कळलं होतं. "त्या काही बोलल्या नाहीत," ती म्हणाली. "चांगल्या आहेत. फक्त फ्रीजमध्ये माझा कप्पा वेगळा झालाय. म्हणाल्या, तुला सोपं पडेल."

तिने चहाला हात लावला नाही. उठताना म्हणाली, "खलास, सर. मला बोलायचं ते बोलून झालं."

मी फोटो फेसबुकवरून काढला, संतोषला त्याचा व्हिडिओ डिलीट करायला लावला. तो म्हणाला, "सर, आता काढून काय, लोकांच्या फोनमध्ये गेला तो." मला ठाऊक आहे. पण हेही लिहितो, कारण कागदावर खोटं बोलायचं नाही असं ठरवलंय: मुखपृष्ठाचा मोह अजून सुटलेला नाही. एकदा वाटतं, गावाला कळलंच आहे, मग जगालाही कळू दे. निदान त्या लोकांना लाज वाटेल. निदान आबांचं नाव तरी लागेल. संपादकाला मी 'थोडं थांबा' एवढंच कळवलंय. तूही थांब. तुला काय वाटतं ते लिही.

दादा


मनामा, ८ मे

मालू,

तुझा मेल काल आला. इतकं लांब तू मला कधीच लिहिलं नव्हतंस.

'संपादकांचा फोन आला होता. आबांचं नाव वर टाकणार म्हणाले. मी हो म्हणाले. सोमवारी ते माणूस पाठवणार आहेत. हो म्हणाले ते तुझ्यामुळे नाही. शेवटच्या आजारात आबा रोज पेपर मागून घ्यायचे आणि बातमी न वाचता फोटोखालचं नाव बघायचे. तुला माहीत नाही, तू तिकडे होतास. मी कधी विचारलं नाही की कोणाचं नाव शोधताय. खाच मलाही माहीत आहे. पण दादा, तीस वर्षं झाली. आता कोणाचं काय बिघडणार आहे? आणि एकदा तरी त्यांचं नाव बघू दे मला.'

मेल पाठवलास तेव्हा माझं मागचं पत्र तू उघडलं नव्हतंस, हे उघड आहे. आधी ते वाच. वनिताचं. मग हे.

हे शब्द माझे आहेत, मालू. 'आबांचं नाव', 'एकदा तरी', 'आता काय बिघडणार'. मी पेरले आणि तुझ्या तोंडून उगवले. समोरचा माणूस आपलं वाक्य त्याचंच समजून बोलू लागला की सभा जिंकली, असं मी मोठ्या तोऱ्याने सांगत आलो. ही एक सभा मला जिंकायची नव्हती.

आता खाचेबद्दल. मागे मी तुला लिहिलं की खाच म्हणजे छापायची फ्रेम. इतर स्टुडिओत तसंच असेल. आपल्याकडे उलटं होतं, आणि हे तुला डार्करूममुळे माहीत आहे. मला का माहीत आहे ते मी कधी सांगितलं नाही. कोरेवाडीचं झालं तेव्हा मी कॉलेजला होतो. मोर्चा निघायचा होता, आणि मी आबांना म्हणालो, तो फोटो मोठा करून द्या, सगळ्यात पुढे धरतो. आबा म्हणाले, "थांब. पहिली कॉपी बाईंची." त्यांची रीत तुला ठाऊकच आहे. ज्याचा फोटो, त्याच्या हातात आधी. तो हो म्हणाला तर पेपरला. मी त्यांच्याबरोबर कोरेवाडीला गेलो होतो, मालू. मी त्या दारात उभा होतो. काशीबाईंनी फोटो हातात घेतला, खूप वेळ बघितला आणि म्हणाल्या, "भाऊ, फोटू लई खरा आलाय. म्हनूनच छापू नगा. माझं क्यास वाढत्याल. कागदावरचं न्हाई वाढायचं."

परत येताना एसटीत मी आबांशी भांडलो. डरपोक म्हणालो. बाईचं ऐकून चळवळ बुडवता म्हणालो. घरी आल्यावर आबांनी मला डार्करूममध्ये बोलावलं, निगेटिव्ह पंचात धरली आणि माझ्यासमोर कडेला खाच पाडली. म्हणाले, "हिला आता बोट लागलं की हात मागे घ्यायचा."

डिसेंबरात माझं बोट त्या खाचेला लागलं होतं. उजेडात नीट दिसलीही होती. मोबाइल तिच्यावर धरला तेव्हा मला सगळं आठवत होतं, काशीबाईंचा शब्द न् शब्द. मी स्वतःला म्हणालो, आता ती बाई असेल की नसेल. चौकशी केली नाही, कारण त्या आहेत असं कळलं असतं तर विचारावं लागलं असतं.

काळ्या छायाचित्रकारांवर मी इतकं वाचलं. त्यांनी लाठ्या कशा खाल्ल्या, फिल्म कशी लपवली, नाव कसं दडपलं गेलं. सगळीकडे मला आबांवरचा अन्यायच दिसला. ज्याचा फोटो काढतोस तो माणूस तुझ्याच वस्तीतला आहे, उद्या त्याच्या दारावरून तुला जायचं आहे, ह्या विचाराने ते काम करत होते. तेही वाचलं, पण तेवढ्यावरून नजर भर्रकन पुढे गेली. परक्या वार्ताहराला परत जायचं नसतं. आबांना जायचं होतं, म्हणून आबा विचारत. मी इथे समुद्रापलीकडे बसलो आहे. मला कोरेवाडीच्या दारावरून जायचं नव्हतं.

परवा मी वनिताकडून नंबर घेतला. तिने दिला, कारण मागितला तेव्हा भाषण केलं नाही. काशीबाईंना फोन लावला. नाव सांगितलं. पलीकडून, "गणपतभाऊचा पोरगा?" मी हो म्हणालो. "भाऊ गेल्यावर मी आले हुते तुमच्याकडं, मालूला भेटले," एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला. शिवी दिली असती तर बरं झालं असतं. शिव्यांना उत्तर द्यायची मला सवय आहे.

त्या आल्या होत्या, मालू? तू मला सांगितलं नाहीस. मीही विचारलं नसेल, कोण कोण येऊन गेलं म्हणून.

मंडळात सांगितलं की बुद्धपौर्णिमेला त्या फोटोचा फलक लावायचा नाही. अध्यक्ष म्हणाले, "नागसेनराव, चळवळीला चेहरा लागतो." मी म्हणालो, माझा लावा. काशीबाईंनी तेव्हाच नको म्हटलं होतं, हे मी उभं राहून सगळ्यांसमोर सांगणार आहे, वनिता असो वा नसो. त्याने तिचा फ्रीजमधला कप्पा जागेवर येणार नाही, हे माहीत असून. संपादकाला आज लिहून कळवलं की आमच्या घरातून परवानगी नाही. तो म्हणाला, "निगेटिव्ह बहिणीकडे आहे, बहीण हो म्हणालीय, तुमचा प्रश्न कुठे येतो?" बरोबर आहे त्याचं. माझा प्रश्न येत नाही. तुझाही येत नाही.

आणि आबांचं नाव? तू त्यांच्या उशाशी बसलेली, मी इथे टाळ्या घेत फिरणारा. त्यांचं नाव बघायची तुझी इच्छा माझ्या इच्छेपेक्षा किती तरी खरी आहे, आणि ती मोडायला सांगायचा हक्क मला नाही. तरी सांगतो. डब्यात मोर्चे आहेत, जळालेल्या वस्त्या आहेत, पन्नास फ्रेमा बिनखाचेच्या आहेत. त्यांतल्या माणसांनी हो म्हटलेलं आहे. आबांचं नाव त्यांच्याखाली लागू दे, मी आयुष्यभर खपेन. पण ह्या फोटोखाली लागलं, तर आबांनी ज्या बाईला शब्द दिला तिच्याच उघड्या डोक्याखाली लागेल. ते तुला बघवेल का?

सोमवारी तो माणूस दुकानात येईल. तू दारात असशील, तो आबांचं कौतुक करेल, आणि तू भोळी नाहीस पण एकटी आहेस. म्हणून त्याच्याशी वाद घालायची वेळच येऊ देऊ नकोस. निगेटिव्ह जाळू नकोस, लपवू नकोस, माझ्याकडेही पाठवू नकोस. ते ठरवणं आपलं नाही. काशीबाईंनी फाडली तर फाडू दे. त्या छापा म्हणाल्या तर त्यांच्या तोंडून ऐकून ये.

रविवारी सकाळी दुकान बंद ठेव, पहिल्या एसटीने कोरेवाडीला जा, आणि ती निगेटिव्ह काशीबाईंच्या हातात दे.

नागसेन